भोंगा खाली ठेवून

निवडणूक आली की काचीगुड्याच्या आमच्या गल्लीत प्रचाराचा टांगा यायचा. मागे पत्र्याचा भोंगा तोंडाशी धरून बसलेला माणूस आधी उर्दूत ओरडायचा, मग तेलुगूत. मराठीच्या आधी मात्र तो तोंडातलं पान थुंकून टाकायचा, मराठी नीट यावी म्हणून.

पुढे हैदराबाद राज्याचे तुकडे झाले. मराठवाडा मुंबईकडे गेला, अर्धी गल्ली बदल्या घेऊन औरंगाबादला गेली, आम्ही राहिलो. पुढच्या विधानसभेला टांगा आला आणि उर्दू-तेलुगूत ओरडून निघाला. वडिलांनी ओट्यावरून विचारलं, "मराठी बंद केलीत का हो?"

त्यानं टांगा थांबवला, पान थुंकलं, भोंगा सीटवर ठेवला आणि खाली उतरला.

"भोंग्यातून दोनच जबाना बोलायचा हुकूम आहे, साहेब. मराठी मतं गेली म्हणतात."

मग उरलेल्या चार मराठी दारांसमोर उभा राहून तो तेच भाषण साध्या आवाजात मराठीत बोलला. वडिलांचं मत दुसऱ्याच पक्षाला ठरलेलं होतं, तरी त्यांनी ते उभं राहून ऐकलं.

तो कुणासाठी मत मागत होता ते आता आठवत नाही. आमच्या दारात भोंग्याशिवाय मत मागायला नंतर कुणी आलं नाही.