पाटीवाल्या बाईंची हत्यारं

पाटीवाल्या बाईंनी माउसला कधी हात लावला नाही. तो वायर गुंडाळून त्यांच्या टेबलाच्या खणात पडलेला असायचा. अमरावतीच्या आमच्या ऑफिसात कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यांच्या वजनकाट्यांचे कॉम्प्युटर प्रोग्राम लिहितात, मी तिथे चहापाणी बघतो. पोरांच्या पडद्यावर ढीगभर खिडक्या, रंगीत बटनं. बाईंचा पडदा काळा अन् त्यावर पांढरी अक्षरं. म्हणून पोरांनी नाव ठेवलं, पाटीवाली. कार्टी हसायची. एकेकाच्या कानाखाली द्यावीशी वाटायची.

मी चौथी नापास. पण अकोल्याच्या जिनिंगमध्ये तीस वर्षं फिटर होतो, हत्यार मला कळतं. एकदा मी विचारलंच, "बाई, तुमच्या पडद्यावर एवढं कमी काहून?" बाई तेल्हाऱ्याच्या, बोलणं आमचंच. म्हणाल्या, "चाचा, हा एडिटर, म्हंजे प्रोग्राम लिहाची कोरी पाटी, येते तवा रिकामाच येते. मले जे लागलं ते मी त्याले जोडत गेली. पंधरा वर्षं झाले, अजून जोडून राहिली. पोरांचं ते आयडीई, त्यात सगळंच आधी भरून देल्लं असते."

मला लगेच उमगलं. रोलरमागचा एक नट बाजारच्या पान्यानं निघत नसे, म्हणून मी पाना भट्टीत तापवून वाकवला होता. दुसऱ्याच्या हातात तो नुसता घसरायचा, माझ्या हातात नीट बसायचा. बाईंचंही तसंच. चार बोटं दाबली की शंभर फायलींतली दुरुस्ती एका दमात. पोरांचं आयडीई उघडेपर्यंत त्यांचा एक चहा संपायचा.

बाई गुणी होत्या तशा घमेंडीही होत्या, खोटं कशाला लिहू? आयडीई चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ मारतं. एक पोरगी प्रेमानं म्हणाली, "मॅडम, वापरून बघा ना, चूक आधीच दिसते." बाई म्हणाल्या, "माह्या चुका मले दिसतात." अन् नेमकी एक दिसली नाही. प्रोग्राममधलं एक नाव सगळीकडे बदललं, एका फायलीत जुनंच राहिलं. ऐन हंगामात अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये काट्याची पावतीच निघेना. कापसाच्या गाड्या दुपारपर्यंत उभ्या. बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "चूक माही आहे. एडिटरची नाही."

साहेबाला तेवढं निमित्त पुरलं. "उद्यापासून सगळ्यांना एकच आयडीई. तुम्ही नसलात तर तुमच्या टेबलावर दुसऱ्याला बसता आलं पाहिजे." बाई समोर बसलेल्या, अन् ह्याला त्यांच्या रिकाम्या खुर्चीची काळजी! आठ दिवस बाईंनी ते वापरलं. बोटं जुन्या सवयीनं पडायची अन् भलतंच काहीतरी उघडायचं. मग त्या हात मांडीवर ठेवून द्यायच्या.

मला ते पाहवलं नाही. कपबशा खाली ठेवल्या अन् सगळ्या ऑफिसासमोर साहेबावर ओरडलो, "फिटरनं पाना कोणता धरायचा हे तुमी काहून सांगता? नट ढिला राहिला तर बोला! तुमचे हात कधी काळे झाले का?" साहेबाचं तोंड उतरलं. "चाचा, तुम्ही चहाचं बघा," एवढंच म्हणाला.

संध्याकाळी बाई जिन्यात भेटल्या. मला वाटलं, दोन शब्द बरे बोलतील. तर कडाडल्याच, "तुमाले कोणी सांगतलं होतं चाचा? साहेब सकाळीच कबूल झाले होते. मी जे जे जोडलं ते पोरांसाठी वहीत लिहून द्यायचं, मंग माहा एडिटर माह्यापाशी राहू देतो म्हणे. आता चारचौघांत एवढं ऐकल्यावर ते शब्द पाळतील का?"

नाही पाळला. महिन्याभरात बाईंनी नोकरी सोडली अन् तेल्हाऱ्याला गेल्या. अर्धी लिहिलेली वही टेबलावर राहिली. पोरांनी तिच्यावर चहाचे कप ठेवले, तेव्हा मी ती उचलून घरी आणली. सगळी इंग्रजीत. मला एक अक्षर लागत नाही.

साहेबाचा राग आहे, पोरांचा आहे. बाईंचाही आहे. मला आधी सांगायला काय झालं होतं? मी बोललो ते खरंच होतं, आजही बोलेन. पण तेव्हा तोंड उघडायचं काम माझं नव्हतं. हे बाईंना समोर जाऊन सांगायचं आहे. तेल्हाऱ्याची एसटी किती वाजता सुटते ते मला पाठ आहे. दोनदा स्टँडवर जाऊन आलो. अजून गाडीत चढलो नाही.