पत्रावरचा जयभीम

माझा गाढवपणा आधीच सांगून टाकते. ज्या माणसानं माझं पत्र मोठ्यानं वाचून चार जणांत हसं केलं, त्याच माणसाच्या मी निघताना पाया पडले. वाकून. पदर सावरून.

बाविशीतली ती बया आठवली की आजही तिच्या पाठीत एक रट्टा घालावासा वाटतो.

बी.ए. झाले होते. पुढं शिकायचं होतं, आणि वाट दाखवायला घरात कुणी नव्हतं. शहरात मराठीचे एक नामांकित प्राध्यापक होते. त्यांची व्याख्यानं मी मागच्या रांगेत बसून ऐकायची. त्यांनाच लिहायचं ठरवलं. आमच्या पडेगावच्या वस्तीत कुठलंही पत्र ‘सप्रेम जयभीम’नं सुरू व्हायचं. मावशीला असो नाहीतर तहसीलदाराला. मीही तसंच लिहिलं. मग खोडलं. मग कागदच फाडला. नव्या कागदावर ‘पूज्य गुरुवर्य, शिरसाष्टांग नमस्कार’. खाली सहीच्या वर ‘आपल्या चरणांची धूळ’. एवढी लोळण कुत्र्याच्या पिल्लानंही घेतली नसती. आमचं आडनाव बऱ्याच जातींत सापडतं, त्यामुळं आणखी काही लपवावं लागलं नाही.

उत्तर आलं. ‘तुमच्यासारख्या सुसंस्कृत घरातल्या मुलीला मार्गदर्शन करायला आनंद वाटेल. रविवारी घरी या.’ ते कार्ड उशाशी घेऊन झोपले मी. खुळी कुठली.

रविवारी गेले. पिशवीत दौलताबादकडची सीताफळं. दिवाणखान्यात सरांचे विद्यार्थी बसलेले. सरांच्या पत्नीनं हसून पिशवी आत नेली, चहा आणला. सर विद्यार्थ्यांना म्हणाले, “बघा, संस्कार असले की अशी भाषा येते.” मी फुगले. मग त्यांनी सहज विचारलं, “वडील काय करतात?”

“गवंडी आहेत. आणि सकाळी विहारात बुद्धवंदना घेतात.”

सरांनी चष्मा काढला. पुसला. टेबलावरचं माझं पत्र उचललं आणि मोठ्यानं वाचायला लागले. ‘शिरसाष्टांग’वर थांबले. ‘चरणांची धूळ’वर भुवया उडवल्या. विद्यार्थी फिसकन हसले.

“यांनाही जमायला लागलं बरं का आता हे!” मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “तुम्ही लोकांनी आपलं दुःख लिहावं. भाषेच्या अभ्यासाची बैठक वेगळी असते.”

तेच पत्र. तीच अक्षरं. चहा गार व्हायच्या आत संस्काराची नक्कल झाली.

आणि मी? पाया पडले. पत्रात लिहिलं होतं ना, ते करून दाखवलं.

बाहेर चपला घालायला वाकले, तर चपलांशेजारी माझी पिशवी. आत गेलेली सीताफळं बाहेर आली होती. गाठसुद्धा सोडली नव्हती.

तिथं माझा कणा जागा झाला. परत आत गेले. चपला घालूनच.

“पत्र द्या माझं.”

“राहू द्या की. गंमत आहे.”

“गंमत नाय. माझं हाय ते. द्या.”

त्या घरात मी माझ्या खऱ्या बोलीत बोललेलं ते पहिलं वाक्य. त्यांच्या हातातून पत्र ओढलं, पिशवी उचलली. बसथांब्यावर बसून सगळी सीताफळं एकटीनं खाल्ली, बिया रस्त्यावर थुंकत. डोळे गळत होते, तरी लई गोड लागली.

पुढं दुसऱ्या एका बाईंना लिहिलं. पहिला शब्द जयभीम. त्यांनी शिकवलं, मी शिकले, मग जन्मभर फुलंब्रीच्या पोरींना शिकवलं. सगळ्यांना हेच सांगत आले: पहिल्या ओळीत वाकू नका, पुढं सरळ होता येत नाही.

परवा नात मोबाईल घेऊन आली. तिला पुण्याच्या एका शास्त्रज्ञांकडं काम शिकायचंय. त्यांना पहिला मेसेज लिहिला होता, पाठवायचा बाकी होता. पहिली ओळ, ‘जयभीम सर.’

आणि जगाला शहाणपण शिकवणारी मी काय बोलले?

“पोरी, नुसतं ‘नमस्कार’ लिहिलं तर काय बिघडतं? एवढी धडपडलीस, एका शब्दापायी संधी जायला नको.”

ती बावीस वर्षांची बया गेलीच नव्हती. माझ्या तोंडून बोलत होती.

नातीला सीताफळांची गोष्ट तोंडपाठ आहे. तिनं माझ्याकडं बघत अंगठ्यानं मेसेज पाठवून टाकला. मग म्हणाली,

“आजी, त्यांना मी नको असले तर आत्ताच कळू दे. चहा पाजून झाल्यावर नको.”