चावीवाल्याचा नकार

माझ्या मामाकडे एक लोखंडी चावी असायची, जवळजवळ माझ्या उंचीची. रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी आत घालायची आणि दोन्ही हातांनी रेटून फिरवायची, की त्या गल्लीतल्या नळांना पाणी. नगरपालिकेच्या कागदावर त्याचं पद काहीतरी लांबलचक होतं. लोक त्याला चावीवाला म्हणायचे. पहाटे वरची गल्ली, मग बाजार, मग आमची खालची गल्ली. तापाने फणफणला तरी त्याने ही पाळी चुकवली नाही. तसा माणूस तिरसट. आमच्याकडे लवकर सोडा म्हणून कुणी चहा पुढे केला, तर म्हणायचा, "चहा पितो, पण पाणी तुमच्या पाळीलाच." आणि चहा खरंच पिऊन जायचा! आपल्या हातून कुणाचं पाणी तुटलं नाही, एवढी एकच गोष्ट त्याच्याकडे मिरवण्यासारखी होती.

मग निवडणूक लागली. आमचा नगरसेवक नगराध्यक्षपदाला उभा राहिला आणि नगरसेवकाची जागा घराबाहेर जाऊ नये म्हणून तिथे त्याने मेहुण्याला उभं केलं. प्रत्येक खांबावरच्या फलकात नगरसेवक स्वतः बत्तीशी दाखवत लटकलेला. आम्ही घरात त्याला हसरा म्हणायचो.

या हसऱ्याने एक दिवस मामाला कचेरीत बोलावलं. तिथून मामा थेट आमच्याकडे आला आणि स्वयंपाकघरात मटकन खाली बसला.

"खालच्या गल्लीचं पाणी तोडायचं म्हणे. लोक बोंबलले की हा टँकर पाठवणार. आणि मतदानाच्या आदल्या दिवशी सगळ्यांसमोर स्वतःच्या हाताने पाणी सुरू करणार!"

"मग तू काय म्हणालास?" आईने विचारलं. आई त्याची थोरली बहीण.

"म्हणालो, असली घाण मी करणार नाही. दुसरा बघा."

मला मामाचा फार अभिमान वाटला. आई भांडी घासायला बसली.

दुसरा त्यांनी बघितलाच. मामाला कचरा डेपोवर धाडलं, चावी मेहुण्याच्या एका चेल्याकडे गेली आणि आमचे नळ ठणठणीत कोरडे पडले.

मग टँकर आला. त्यावरही हसऱ्याचं थोबाड. आधी साहेबांच्या नावाने घोषणा द्यायची, मग बादली पुढे करायची. आयुष्यभर पोरांना रांगेत उभं करणारे शेजारचे मास्तर कोपर मारून पुढे घुसले. कोपर लागलं ते माझ्या आईला. मी चार शब्द सुनावले, तर तेच माझ्यावर डोळे वटारून म्हणाले, "आधी घोषणा दे, मग बोल." अक्षरशः किळस आली मला.

मामा डेपोतून सुटला की तसाच, कपड्यांना कचऱ्याचा वास घेऊन, दारोदार फिरायचा. पाणी आटलेलं नाही, मुद्दाम तोडलंय, हे एकदा लोकांना कळलं की ते हसऱ्याला गल्लीत पाय ठेवू देणार नाहीत, अशी त्याला खात्री होती. मीही त्याच्यासोबत जायची.

"माहीत आहे हो," न्हावी म्हणाला.

"हळू बोला," मास्तर म्हणाले. "माहीत आहे सगळ्यांना."

सगळ्यांना! एकजात सगळ्यांना माहीत होतं. आम्ही दोघं मूर्खासारखे दारं वाजवत फिरत होतो.

मतदानाच्या आदल्या दिवशी झाकणाशेजारी मांडव पडला. हसऱ्याने चावीला हात लावला; ती हलेना. चेल्याने खाली वाकून जोर लावला, वर हसऱ्याचा फोटो निघाला. नळांतून आधी गंजाचं लाल पाणी आलं आणि गल्लीने टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी आई मत देऊन आली तेव्हा मामा घरातच बसला होता.

"कुणाला दिलंस?"

"हसऱ्यालाच. आणि दुसरं मत मेहुण्याला."

"ताई, सगळं ठाऊक असून?"

"ठाऊक आहे म्हणूनच. जो पाणी तोडू शकतो, त्याच्याशी वाकडं घेऊन मी राहू कुठे?"

"मग मी नाही म्हणालो ते कुणासाठी?"

"तुझ्यासाठी," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "हो म्हणाला असतास तर चावी तुझ्याच हातात राहिली असती. त्यांचा डोळा चुकवून घटकाभर तरी सोडलं असतंस आम्हाला. तू आपले हात स्वच्छ ठेवलेस आणि आम्ही इथे अंघोळीला महाग झालो."

मला आईचा संताप आला. मामा उठला. मग चपला घालून निघून गेला.

दोघंही निवडून आले, भरघोस मतांनी. निकालाच्या संध्याकाळी मी कामावरून परतताना पाहिलं, हसऱ्याच्या बंगल्याबाहेर अभिनंदनाची रांग लागली होती. त्या रांगेत मामा उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात फुलांचा गुच्छ.

"मामा, तू? इथे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. रांग पुढे सरकली तसा तोही सरकला.

"चावी परत मागायला आलोय," तो म्हणाला. "या वेळी जे सांगतील त्याला हो म्हणेन."