पायात धरलेलं लोखंड

निफाडच्या स्टँडवर नाशिकची एसटी लागली तेव्हा दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्या पिशवीत एक छिन्नी टाकली. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याची, स्वतः भट्टीत तापवून पाणी दिलेली. आई म्हणाली, "पोटाला खा. आन् सायबाला उलटं बोलू नको." दादा एवढंच म्हणाले, "काम येतंय ना? मग भ्यायचं कशाला?" आणीबाणीच्या थोडं आधीची ही गोष्ट. मी अठरा वर्षांचा होतो आणि माझी शाळा नववीत सुटली होती.

शाळा का सुटली, हे जे गावात राहिलात त्या तुम्हाला ठाऊक आहे. जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे द्राक्षाची एक छाटणी एप्रिलात येते आणि वार्षिक परीक्षाही एप्रिलातच. छाटणीच्या आधी गावभरच्या कात्र्या धार लावायला आमच्या लोहारकामाच्या भट्टीपुढे येऊन पडायच्या. त्या वर्षी आई आजारी, भाता ओढायला दुसरं कुणी नाही. मी पेपरांना गेलोच नाही. दादांनी 'थांब' म्हटलं नाही आणि 'जा'ही म्हटलं नाही. त्यांच्या त्या गप्प राहण्याचा राग मी पुढे बरीच वर्षं जपला.

नाशिकच्या सातपूरला आमच्या गावचे रामभाऊमामा राहायचे. एका कारखान्यात फिटर होते. त्यांच्या खोलीत वळकटी टाकली आणि सकाळ झाली की मी एकेका कारखान्याच्या गेटवर जायचो. 'फिटर पाहिजेत' असा बोर्ड दिसला की शर्ट सारखा करून पुढे व्हायचो. खाली बारीक अक्षरांत असायचंच, एस.एस.सी. पास. एका गेटवरच्या क्लार्कने माझा दाखला उलटापालटा केला.

"नववी नापास ना रे तू?"

"नापास नाही साहेब. बसलोच नाही परीक्षेला."

"मग ते तर त्याहून वाईट!" म्हणाला आणि शेजारच्याला हाक मारून त्यालाही ऐकवलं. दोघं पोटभर हसले. हसून झाल्यावर दाखला परत दिला, तो मात्र दोन्ही हातांनी, जपून. का कोण जाणे, ते जास्त लागलं.

शेवटी रामभाऊमामांनी आपल्या साहेबांच्या हातापाया पडून मला परीक्षेला उभं केलं. लोखंडाच्या पट्टीत चौकोनी भोक पाडायचं, त्यात बसेल असा चौकोनी तुकडा घासायचा. बसवल्यावर फटीतून उजेड दिसता कामा नये. टेबलाला शिकंजा होता, त्यात तुकडा आवळून सगळी पोरं उभ्याने कानस चालवत होती. मीही उभा राहिलो. तासभर घासलं, पण हात बसेना. कानस डुगडुगत होती. मी जन्मात उभ्याने लोखंड घासलं नव्हतं. आमचं सगळं काम जमिनीवर बसून, तुकडा पायांत धरून. घामाने डोळे भरले. मग मला काय सुचलं, मी शिकंजा सोडला, चपला काढल्या, फरशीवर बसकण मारली आणि तुकडा एका लाकडी ठोकळ्यावर ठेवून पायांत दाबला.

"ए, बैलाला नाल मारायचाय का?" कुणीतरी ओरडलं. सगळं शॉप हसलं. मी मान वर केली नाही.

साहेबांनी तुकडा बसवला आणि ट्यूबलाइटसमोर धरला. फिरवून फिरवून पाहिला. उजेड कुठूनच येत नव्हता. "काम चांगलंय," ते म्हणाले. मग फॉर्म पाहिला. "एस.एस.सी. नाही. हेल्पर म्हणून लावतो."

त्या साहेबांचे उपकार मी आजही मानतो, त्यांनी मला दारातून आत घेतलं. पण सात वर्षं माझ्या कार्डावर हेल्परच राहिलं. आयटीआयची पोरं यायची, माझ्या शेजारी उभी राहून हात बसवायची, वर्षभरात फिटर व्हायची आणि मला "ए, दोन नंबरचा पाना दे" म्हणायची. जागा निघाली की मी अर्ज करायचो. अर्ज परत यायचा. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला दोनदा बसलो. दोन्ही वेळा इंग्रजीने पाडलं. दिवसभर पत्रे उचललेल्या बोटांत पेन नीट धरता येत नाही, हे कुणाला सांगायचं?

घरी मात्र पहिल्याच पत्रात लिहून बसलो होतो, फिटर म्हणून लागलो. एक वाक्य. ते परत घेता आलं नाही. मामांनीही ते गावात फोडलं नाही.

एक दिवस दादा न कळवता आले. गेटवर वॉचमनला अभिमानाने सांगितलं, "माझा पोरगा फिटर हाय हितं." वॉचमनने यादी पाहिली. या नावाचा फिटर नाही म्हणाला. मग हेल्परांच्या यादीत नाव सापडलं. मी बाहेर आलो तेव्हा दादा निंबाच्या सावलीत बसले होते. वॉचमनने मला सगळं सांगितलं. स्टँडवर गाडीची वाट पाहताना म्हणाले, "चाळीस वर्सं कातऱ्यांना धार लावतोय. माझं नाव तरी कुठं लिवलंय?"

त्यांना मला धीर द्यायचा होता. मला मात्र संताप आला. त्यांचं कुठे लिहिलेलं नव्हतं म्हणून माझंही नसावं? तेवढ्यासाठी का मी गाव सोडलं? पण तोंडातून शब्द फुटला नाही. घरचा गप्पपणा माझ्यातही उतरला होता.

पुढच्याच वर्षी मी बडोद्याला निघालो. इथल्या एका छोट्या वर्कशॉपच्या शेठने फॉर्म दिलाच नाही, तुकडा आणि कानस दिली. मी विचारलं, "शेठ, खाली बसलो तर चालेल?" शेठ म्हणाला, "झोपून कर. माप बरोबर आलं पाहिजे." संध्याकाळी त्याने वहीत माझ्या नावापुढे फिटर लिहिलं. मी ते पान कितीतरी वेळ बघत राहिलो. मग दादांना पत्र टाकलं, आधीचं पत्र खोटं होतं आणि हे खरं आहे. उत्तर धाकट्या बहिणीच्या अक्षरात आलं. "दादा मला म्हणाले, दोन्ही पत्रं एकत्र ठेव."

त्या दिवशी मला पहिल्यांदा रडू आलं.

आता दादा नाहीत. भट्टीची जागा बहिणीकडे गेली, तिथे तिच्या सासरच्यांनी कांद्याची चाळ बांधली आहे. गावी गेलो की पाहुण्यासारखं खुर्चीवर बसवतात, आणि खुर्चीवर मला घरी आल्यासारखं वाटत नाही. इथे बडोद्यात मी दिवसभर शिकंज्याशी उभाच असतो, सवय झाली. पण एखादं काम फार नाजूक असलं, बसता बसत नसलं, की चपला काढतो, फरशीवर बसतो आणि तुकडा पायांत धरतो. नवी पोरं हसतात. हसू दे. तळव्याला लोखंडाचा गारवा लागला की मी निफाडला पोचलेला असतो.