तारीख नसलेला सोमवार

मुरबाडच्या रंगाच्या कारखान्यात सर्व्हर आला तेव्हा त्याला हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले, आणि मग याचं करायचं काय ते कुणालाच कळेना. कळत होतं ते एकट्या इंद्रजीतला. किन्हवलीच्या बौद्धवाडीतला पोरगा, शहापूरला क्लास करून कॉम्प्युटर शिकलेला. बाप रामा जन्मभर रस्त्याच्या कामावर खडी फोडत आला होता. त्याचा मुलगा एसीच्या खोलीत बसतो, हे वाडीत कौतुकाने सांगितलं जायचं.

आता सर्व्हर म्हणजे काही आभाळातून पडलेली वस्तू नव्हती. होता एक काळा खोका. कारखान्यात काय घडलं ते तो ओळीओळीने लिहून ठेवायचा, त्याला लॉग म्हणत. टाक्यांपाशी विषारी वायू वाढला की भोंगा वाजायचा आणि लॉगमध्ये एक ओळ पडायची. पण ती हजार फालतू ओळींत हरवायची. इंद्रजीतने खटपट करून भोंग्याच्या ओळींची फाईल वेगळी काढली. मूळ लॉग आठवड्याने आपोआप पुसला जायचा, ही फाईल राहायची. मशीन तारीख परदेशी पद्धतीने, आधी महिना मग दिवस अशी लिहायचं. तीही त्याने आपल्याकडच्यासारखी सरळ करून घेतली. सांगितलं कुणी नव्हतं, पण कामात त्याचा जीव होता.

टाक्या धुवायला ठेकेदाराची माणसं असत. त्यांतला कमळू डोंगराकडच्या पाड्यावरचा. ठेक्याच्या माणसांना कॅन्टीनमध्ये मज्जाव, म्हणून तो जनरेटरच्या शेडमागे बसून भाकरी खायचा, आणि इंद्रजीत कॅन्टीन सोडून त्याच्याजवळ जाऊन बसायचा.

"काय रं इंद्रा, काय बोलतंय तुजं मशीन?" कमळू विचारायचा.

"काल तीनदा बोंबललं. तोंडाला फडकं बांधत जा रे."

"फडक्यानं काय व्हतंय," म्हणून कमळू हसायचा.

त्या दिवाळीला इंद्रजीत कायम झाला. पंधरवड्यात मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. तपासणीवाले यायचे होते. साहेब म्हणाले, "त्या भोंग्याच्या फाईलमध्ये वेळ आहे ना? मग तारीख कशाला? फाईल उगाच फुगते. काढून टाक."

फाईल फुगते म्हणे! त्या फाईलने खोक्याचा कोपराही भरला नसता. इंद्रजीतला सगळं उमगलं होतं. वेळ राहिली, दिवस गेला, की कुठला भोंगा कधीचा हे कुणी विचारूच नये. प्रोग्रामची एक ओळ बदलायची होती, बदलली. दुपारी भाकरी खाताना त्याने कमळूला ते सांगितलं नाही.

जानेवारीत जवळच्या म्हसा गावची जत्रा झाली आणि पुढच्या सोमवारी कमळू टाकीत कोसळला. ठेकेदाराने टेम्पोत घालून त्याला पाड्यावर नेऊन टाकलं. दिवस मावळायच्या आत तो गेला. कारखान्याने हात वर केले. त्या दिवशी तो कामावर आलाच नव्हता, घरी दारू पिऊन मेला, असं सांगितलं. ठेक्याच्या माणसांची गेटवर नोंद नसायची, आणि बरोबरच्यांना ठेकेदाराने दम भरला होता.

कमळूची बायको भिमी मात्र हटली नाही. तिने अर्ज केला. चौकशीचे अधिकारी आले, साहेबांच्या केबिनमध्ये बसले.

"कोणत्या तारखेला गेला?"

"म्हशाच्या जत्रंतला मोठा पाळना उतरवीत व्हते ना, त्या सोमवारी. आदल्या दिशी मला घोंगडी आनली त्यानं."

"बाई, तारीख सांगा."

भिमीला तारीख कुठून येणार? पाड्यावर दिवस जत्रेवरून आणि पेरणीवरून धरतात. तिने इंद्रजीतकडे बोट केलं. "या दादाचं मशीन समदं लिवतं. माझा मानूस सांगायचा."

अधिकाऱ्यांनी फाईल मागवली. ओळी होत्या, वेळा होत्या, तारीख नव्हती. त्यांनी इंद्रजीतला विचारलं, "त्या सोमवारी भोंगा वाजला असेल तर बाईंचं म्हणणं धरता येईल. यातली त्या सोमवारची ओळ कोणती, सांगता येईल?"

येत होतं. आदल्याच दिवशी त्याने दार लावून फाईल वाचली होती. रोज मध्यरात्री भोंग्याची आपोआप चाचणी व्हायची, तिचीही ओळ फाईलमध्ये पडायची. तारीख काढली त्या दिवसापासून एकेक मध्यरात्र मोजत तो खाली आला, आणि बरोबर त्या सोमवारी, सकाळच्या पाळीत, भोंगा वाजलेला सापडला. ती ओळ त्याच्या ओठांवर होती. साहेब टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते. त्याला बापाचे हात आठवले, खडीने सोललेले.

"नाही सांगता येणार, सर," तो म्हणाला.

तो बाहेर आला. भिमी फाटकाशी उभी होती. आता ही शिव्या देईल तर बरं, असं त्याला वाटलं. तिने उलट त्याचीच समजूत घातली. "तुमी तरी काय करनार, दादा? मशीनलाच म्हाईत नाय, त तुमाला कुठून म्हाईत असनार?"

दुसऱ्या दिवशी त्याने पुढच्या ओळींना तारीख परत घातली. कुणाला विचारलं नाही. साहेबांच्या ते कधी लक्षातही आलं नाही.

कंपनीने दया म्हणून भिमीला झाडू मारायला ठेवलं, ठेक्यावरच. सर्व्हरची खोलीही तीच झाडते. वर्षं गेली. खोका बदलला, साहेब बदलले, इंद्रजीतच्या कानाशी केस पिकले. म्हशाची जत्रा उठली की पुढच्या सोमवारी ती झाडू दाराशी टेकवते आणि तोच प्रश्न विचारते.

"दादा, त्या भोंग्याची तारीख गावली का कुटं? माझ्या मंगळीला लोक बोलतात, तुजा बाप दारूनं मेला. पोर आता जानती झाली. तिला कायतरी दाखवाया पायजे."

इंद्रजीत पडद्यावरून नजर न काढता म्हणतो, "नाय गावली, वहिनी."

"बगत ऱ्हावा," ती म्हणते, आणि त्याच्या खुर्चीखालून झाडून घेते.