अण्णांचं भजन आणि रस्त्यावरचं भात

माझे अप्पा, म्हणजे वडील, वारले, आणि त्यांच्या सख्ख्या थोरल्या भावाला आम्ही ते सांगितलं नाही.

कारण अण्णांचं भजन चालू होतं.

मधोमध दिवा ठेवून फेर धरला की मंगळारती होईपर्यंत भजन तोडायचं नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचा नियम, आणि अण्णा त्यात फार कडक. मंगळारती झाल्यावर सांगितलं. हातातल्या झांजा खाली ठेवून ते तिथेच बसले.

मला त्यांचा राग आला होता. वर्षानुवर्षं होता.

आज पहाटे अण्णा गेले.

महाराष्ट्रातल्या मित्रमैत्रिणींनो, आम्ही कुंभकोणमचे मराठी. घरात तुम्हाला जुनाट वाटणारी तंजावरी मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. माझे हे चुलते इन्नंबूरजवळच्या खेड्यात विठ्ठलाच्या देवळात भजन करायचे. सगळा गाव त्यांना अण्णाच म्हणायचा.

मी एका छोट्या संस्थेत आहे. हवामान, कीड, कालव्याचं पाणी, असे निरोप आम्ही शेतकऱ्यांना फोनवर ऐकवतो.

पूर्वी आमच्या निरोपाचा आवाज चेन्नईच्या एका बाईंचा होता. गोड आवाज, एकदम पुस्तकी तमिळ. लोकांना वाटायचं, कुणीतरी लोन विकतंय. ‘वणक्कम’ ऐकलं की फोन कट!

कोविडच्या आधीची गोष्ट. गावात उत्सव होता. सकाळचा अंदाज कोरडा, म्हणून कापलेलं भात रस्त्यावर वाळत घातलेलं. आमच्याकडे डांबरी रस्ता हेच खळं.

ओलं भात खरेदी केंद्रावर घेत नाहीत. भिजून मोड आले तर सगळा हंगाम पाण्यात.

दुपारी बुलेटिन बदललं. थोड्याच वेळात जोराचा पाऊस, असा नवा अंदाज.

कॉल सोडले. कुणी उचलेना. अख्खा गाव देवळात, फोन सायलेंटवर.

मी स्कूटी काढली.

पोचले तेव्हा फेर रंगात आला होता. खांबाशी उभी राहून मी हात हलवले. अण्णांनी डोळ्यांनीच दटावलं. बाहेर पश्चिमेकडून आभाळ काळं होत चाललेलं.

मी सरळ फेरात शिरले. त्यांच्याबरोबर चालत कानाशी म्हणाले, “पाऊस येतोय अण्णा. भात रस्त्यावर आहे. थांबवा.”

“मधींच थांबवूं नोको, ठाऊक आहे न तुला?” पाय चालूच. मग हळूच, “खरें कां?”

“हो.”

“येणारच?”

काय सांगणार? अंदाज तो अंदाज. चुकला असता तर भर उत्सवात अण्णांचं हसं झालं असतं, आणि आमच्या निरोपावर कुणी परत विश्वास ठेवला नसता.

“मला वाटतं, येईल.”

“सरी,” म्हणाले. म्हणजे बरं.

आणि पुढची ओळ त्यांनी त्याच चालीत, त्याच तालात, तमिळमध्ये घेतली.

पाऊस येतोय, विठ्ठला. रस्त्यावरचं भात गोळा करा, विठ्ठला.

मागच्यांनी सवयीने तश्शीच उचलली! परत म्हणताना मात्र आवाज अडखळले. त्यानंतर उचलायला कुणी उरलंच नाही. खंडाने घेतलेलं शेत एकटी कसणारी सेल्वी पदर खोचून सगळ्यांच्या पुढे धावत होती.

अण्णा थांबले नाहीत. दिव्याभोवती एकटेच गात फिरत राहिले, मंगळारती होईपर्यंत.

पाऊस आला. बरंचसं भात वाचलं.

त्या दिवशी माझ्या लक्षात आलं. भजन चालू असताना अप्पांची बातमी अण्णांच्या कानापर्यंत कुणी नेलीच नव्हती. आमच्यापैकी कुणी फेरात शिरलंच नव्हतं. मग मी इतकी वर्षं नेमकी कुणावर रागावले होते?

नंतर रेकॉर्डर घेऊन त्यांच्याकडे गेले. म्हटलं, “अण्णा, तुमचा आवाज कुणी कट करणार नाही.” नेहमी लागणारे निरोप त्यांच्या आवाजात भरून ठेवले. पावसाचा तोच अजून जातो.

आज दुपारी अण्णा ओसरीवर निजलेले, उशाशी दिवा. मुलगा चेन्नईहून निघालेला, त्याची वाट बघत अंगण भरून माणसं बसलेली. बाहेर रस्त्यावर कुरुवै हंगामाचं भात वाळत होतं.

ऑफिसमधून मेसेज आला. बुलेटिन बदललं होतं.

पावसाची क्लिप एकच. अण्णांची.

गेलेल्या माणसाचा फोन, त्याच्याच गावाला, त्याच दिवशी? दुसऱ्या कुणाचा आवाज लावला तर लोक कट करतील. स्क्रीनवरचं बोट पुढे जाईना. आभाळ उतरत चाललेलं.

मी अण्णांच्या बायकोला, मोठ्या आईला विचारलं, “पाठवूं कां?”

ती दिव्यात तेल घालत होती. वर न बघता म्हणाली, “त्यांना विचारून भरलीस न? आतां मला कां विचारतेस? पाठव.”

पाठवलं.

अंगणात खिशाखिशांतून रिंग वाजल्या. सेल्वीने उचलला. मग बाकीच्यांनी.

“अण्णा बोलतोय. पाऊस येतोय. भात आत घ्या.”

एक बाई किंचाळली.

कुणी उठेना. मयत उचलेपर्यंत उठून जायचं नसतं. आभाळ गडगडलं तरी माणसं बसून. सेल्वी माझ्याकडे बघतेय, मी जमिनीकडे.

मोठी आई उभी राहिली. तमिळमध्ये ओरडली, “ते सांगतायत ना? ऐकू नाही आलं? उठा!”

अंगण रिकामं झालं.

दिव्यापाशी अण्णा. परत एकटे.

पाऊस आला, धो धो.

सेल्वी आली ती नखशिखांत भिजून. अण्णांच्या पायांशी बसली आणि कामावरून आल्यासारखं सांगितलं, “सगळं आत गेलं, अण्णा.”

तेव्हा मला रडू आलं. सकाळपासून आलं नव्हतं.

मंगळारती झाली, अण्णा. आता निघा.

तुमच्या पायांवर आमचा सगळ्यांचा नमस्कार.