पंख्यावरचा अंगठा

माझे भावोजी कवळ्या बनवतात. दंतवैद्य साचा पाठवतो आणि भावोजी मागच्या खोलीत बसून त्यावर एकेक दात बसवतात. अर्ध्या शहराचं हसू त्यांच्या हातचं आहे, पण त्यांना स्वतःला हसताना रोज पाहणारं माणूस एकच होतं, माझी ताई.

असल्या माणसानं विमान बांधावं, हे ऐकून लोक माझ्याकडे संशयानं बघतात. पण बांधलं खरं. एकामागे एक अशा दोन जागांचं, शहराबाहेरच्या गवताळ धावपट्टीवर एक शेड भाड्यानं घेऊन. पंखांवरचं कापड ताईनं इस्त्री फिरवून ताणून बसवलं आणि आमच्या आईनं दिलेल्या इस्त्रीचं वाटोळं केलं. पुढचा लाकडी पंखा भावोजींनी हातानं कोरला. त्याला प्रोपेलर म्हणा असं ते मला सतरांदा सांगायचे. मी पंखाच म्हणायचो, म्हणजे ते चिडायचे.

उडून आल्यावर ताईचं एक काम ठरलेलं होतं. पंखा हातानं फिरवून आडवा करून ठेवायचा. लाकडाचा पंखा उभा राहिला की त्यातला ओलावा खालच्या पात्यात उतरतो, ते पातं जड होतं आणि तोल बिघडतो. भावोजी ताईला बाईसाहेब म्हणायचे. "बाईसाहेब, झोपवा त्याला," असं म्हणत ते आपला चष्मा पुसत बसायचे.

शेवटच्या वेळी उतरल्यावर ताईला गरगरलं. तिथून तडक इस्पितळ, आणि तिथून ती परत आली नाही. पंखा थांबला तसाच उभा राहिला.

मी दर रविवारी शेडवर डबा घेऊन जातो. माझी बायको म्हणते, भावोजी एकटे जेवत नाहीत, नुसते गिळतात. तिथे ते विमान पुसत असायचे. पुसून झालं की मागच्या जागेवर चढून बसायचे, जणू बस सुटायची आहे. पुढच्या जागेवर वाळूची गोणी बांधलेली. एकट्यानं उडायचं तर तोलासाठी तिथे वजन लागतं. ताई गेल्यावर त्यांनी ती गोणी स्वतः शिवली, पट्ट्यानं बांधली, आणि मग उडालेच नाहीत. तिच्या जागी ती गोणी बघून मला रडू यायचं, म्हणून मी तिकडे पाठ करून डबा उघडायचो.

पंख्याला मात्र ते हात लावत नसत. धूळसुद्धा झटकत नसत. एकदा मी आडवा करायला गेलो तर म्हणाले, "राहू दे. ते बाईसाहेबांचं काम आहे."  तेव्हाच भांडायला हवं होतं.

मग एका रविवारी मी गेलो तर विमान बाहेर काढलेलं. भावोजींनी टोपी घातलेली. "आज जातो म्हणतो," ते म्हणाले. मला इतका आनंद झाला की डबा गवतातच ठेवला. त्यांनी इंजिन सुरू केलं, आणि सगळं विमान तापानं फणफणलेल्या पोरासारखं थडथडायला लागलं. पंखांची टोकं हलताना मला लांबूनही दिसत होती. मी हात हलवत ओरडलो. इंजिन बंद झालं. जवळ जाऊन बघतो तर एका पात्याच्या बुंध्याशी वॉर्निशला तडा गेलेला, आत लाकूड काळवंडलेलं.

"भावोजी, हा उतरवा. घासा, वाळवा, सगळं नव्यानं करा."

"ओव्हरहॉलला अजून वेळ आहे. ठरलेले तास उडाल्यावरच सगळं उतरवायचं, ते तास कुठे भरलेत?"

माझं डोकंच फिरलं. "उडालाच नाहीत तर भरतील कसे? कपाटातला कोट न घालताही कसर खाते की नाही? नियम तुम्हीच केलाय, पंखा तुम्हीच केलाय, तुम्हाला विचारणारं कोण आहे?"

"कोणी नाही," ते म्हणाले. "तेच तर."

 मग त्यांनी त्याच पात्यावर, तड्याच्या जरा वर, बोट ठेवलं. वॉर्निशमध्ये अंगठ्याचा ठसा होता, बारीक, रेघ न् रेघ दिसणारा. नवं वॉर्निश वाळलं का हे बघायला ताईनं घाईनं अंगठा दाबला होता. तिनं कामाचा विचका केला म्हणून भावोजींनी तेव्हा आकांडतांडव केलं होतं, आणि दिवसभर अबोला धरला होता. नंतर घासतो घासतो म्हणत ठसा तसाच राहिला.

"घासलं की हा जाणार," ते म्हणाले.

"मग साचा घ्या त्याचा! तुमचा धंदाच आहे."

त्यांनी शेडमधलं एक फडताळ उघडलं. आत गुलाबी, पांढरे, पिवळे साचे ओळीनं मांडलेले. सगळे त्याच अंगठ्याचे. "घेतले," ते म्हणाले. "लोकांना मी सांगत आलो, कवळी बसवा, फरक कळणार नाही. कळतो रे. फार कळतो."

 पण तशा पंख्यानं ते परत उडायला निघाले असते, एकटे असताना, मी नसताना. ताई गेली तेव्हा मी काहीच करू शकलो नव्हतो. मी सरळ म्हणालो, "तिचा अंगठा राहिला आणि तुम्ही गेलात, तर मी कुणाकडे डबा आणू?"

ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग त्यांनी पाना मागितला.

पंखा उतरवून आम्ही दोन लाकडी घोड्यांवर आडवा ठेवला. एका टोकाला ते, एका टोकाला मी. वॉर्निश सोलत सोलत ठशापाशी आल्यावर त्यांनी खरवडणी माझ्या हातात दिली. "तुझी बहीण होती. तू कर." मी ती तिथे टेकवली आणि माझा हातच पुढे सरकेना. त्यांनी खरवडणी परत घेतली, दाताची कड घासावी तसा एकच हलका हात मारला, आणि भुसा फुंकला. मी दाराशी जाऊन उभा राहिलो.

पंखा वाळायला बरेच आठवडे गेले. मग तोल बघून पाती घासली आणि वॉर्निशचे हात चढायला लागले. शेवटचा हात दिल्याच्या दुसऱ्या दिवशी भावोजी पाठमोरे उभे राहून हात धूत होते. सवयीनं म्हणाले, "बाईसाहेब, वाळलं का बघा."

म्हणाले आणि ओले हात धरून तसेच थांबले. नळ वाहत राहिला. शेडमध्ये माझ्याशिवाय कोणी नव्हतं, आणि कोणीतरी बघायला तर हवंच होतं. मी अंगठा टेकवला.

वाळलेलं नव्हतं.

भावोजी आले, वाकून बघितलं. ताईच्या ठशापेक्षा हा दुप्पट जाड आणि बेंगरूळ होता. मी आकांडतांडवाची वाट बघत उभा राहिलो.

"तुमच्या घराण्यातच कुणाला दम धरवत नाही," ते म्हणाले. त्यांनी सँडपेपर उचलला, अंगठ्यानं दुमडला, आणि परत ठेवला. "राहू दे. पुढच्या ओव्हरहॉलला काढू."

"तो कधी?"

"तास भरले की."

एवढं बोलून ते विमानाकडे गेले आणि पुढच्या जागेवरच्या गोणीचा पट्टा सोडायला लागले. मला उंचीवर किती भीती वाटते, हे त्यांना चांगलं माहीत होतं.